जुन्या लॅपटॉपवरील लिनक्समध्ये ‘सस्पेंड’ व ‘रिझ्यूम’ची व्यवस्था : संकल्पना, मांडणी आणि दोषनिदान

गोषवारा

लॅपटॉपचे झाकण मिटताच यंत्राने विश्रांती घ्यावी आणि झाकण उघडताच काम जेथे थांबले होते तेथूनच ते पुन्हा सुरू व्हावे, ही आजच्या वापरकर्त्याची स्वाभाविक अपेक्षा असते. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसविल्यानंतर ही अपेक्षा प्रत्येक वेळी आपोआप पूर्ण होतेच असे नाही. प्रस्तुत लेखात या सुविधेमागील तांत्रिक संकल्पना, तिचा थोडक्यात इतिहास, तिची मांडणी, दोष आढळल्यास करावयाचे निदान आणि पाळावयाच्या दक्षता यांचा परामर्श घेतला आहे. संगणकशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या प्राध्यापकांनाही ही पद्धती अनुसरता यावी, असा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : लिनक्स, एसीपीआय, सस्पेंड, रिझ्यूम, हायबरनेशन, वीज-व्यवस्थापन.

१. प्रास्ताविक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य संपुष्टात आले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्यामुळे अनेक सुस्थितीतील लॅपटॉप त्या कसोटीस उतरत नाहीत. अशा यंत्रांना भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स बसवून ती वापरात ठेवणे हा आर्थिक आणि पर्यावरणीय अशा दोन्ही दृष्टींनी योग्य मार्ग होय. परंतु यंत्र ‘चालू होणे’ आणि ‘विश्वासाने वापरता येणे’ यांत अंतर आहे. ते अंतर ज्या ठिकाणी प्रकर्षाने जाणवते, त्यांपैकी एक म्हणजे सस्पेंड व रिझ्यूम.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. विभागातील एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसविल्यानंतर एका सायंकाळी अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरण्याचे काम सुरू होते. तासिकेची वेळ झाली म्हणून झाकण मिटले. परत येऊन उघडले तेव्हा पंखा फिरत होता, दिवा लागला होता; पडदा मात्र काळाच राहिला. कळफलक प्रतिसाद देईना. अखेर वीज बंद करून यंत्र नव्याने सुरू करावे लागले आणि न साठविलेले गुण गेले. ते पुन्हा भरता आले, हे खरे. पण त्यानंतर कित्येक दिवस सहकारी त्या यंत्राचे झाकण मिटण्यास धजत नव्हते. ज्या यंत्रावर विश्वास उरत नाही ते कपाटातच पडून राहते. म्हणून हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

२. संकल्पना

‘निलंबन’ हा शब्द महाविद्यालयीन वर्तुळात वेगळ्याच अर्थाने परिचित असल्यामुळे येथे ‘सस्पेंड’ हीच संज्ञा योजिली आहे. संगणकाच्या विश्रांतीचे मुख्यतः दोन प्रकार संभवतात.

पहिला प्रकार म्हणजे स्मृतीत विश्रांती. यात प्रोसेसर, पडदा, डिस्क इत्यादी घटकांचा वीजपुरवठा थांबतो; केवळ रॅममधील आशय टिकून राहावा एवढी अल्प वीज तिला मिळत राहते. तांत्रिक भाषेत या अवस्थेस ‘एस-३’ म्हणतात. यातून जागे होण्यास काही सेकंद पुरतात. मात्र बॅटरी संपली किंवा काढली, तर रॅममधील सर्व आशय नष्ट होतो.

दुसरा प्रकार म्हणजे डिस्कवर विश्रांती, अर्थात हायबरनेशन किंवा ‘एस-४’. यात रॅममधील आशयाची प्रतिमा डिस्कवरील स्वॅप या राखीव जागेत लिहिली जाते आणि नंतर यंत्र पूर्णतः बंद होते. जागे होण्यास वेळ अधिक लागतो. परंतु वीज नसली तरी काम सुरक्षित राहते.

यांखेरीज अलीकडच्या काळात ‘एस-२-आयडल’ हा तिसरा प्रकार रूढ झाला आहे. यात यंत्र खऱ्या अर्थाने झोपत नाही. सर्व प्रक्रिया गोठवून व उपकरणे शांत करून प्रोसेसर खोल निष्क्रियतेत ठेवला जातो. नव्या यंत्रांची रचनाच त्यास अनुकूल असते. जुन्या यंत्रांवर मात्र या अवस्थेत वीज बरीच अधिक खर्च होते आणि पिशवीत ठेवलेला लॅपटॉप तापू शकतो.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

लॅपटॉपमधील वीज-व्यवस्थापनाचे पहिले सर्वमान्य प्रमाणक इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये ‘एपीएम’ या नावाने प्रसिद्ध केले. त्यात झोपण्या-उठण्याची बहुतेक जबाबदारी यंत्रातील बायॉसकडे होती. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे नवे प्रमाणक मांडले. त्यायोगे ही जबाबदारी कार्यकारी प्रणालीकडे आली. बायॉसने केवळ यंत्राची माहिती देणारी कोष्टके पुरवावीत, अशी विभागणी झाली. २०१३ मध्ये हे प्रमाणक यूईएफआय फोरमकडे सुपूर्द करण्यात आले.

लिनक्सच्या अडचणींचे एक मूळ या विभागणीत आहे. कोष्टके यंत्रनिर्माते लिहितात आणि त्यांची चाचणी बहुधा विंडोजवर होते. कोष्टकातील एखादी चूक विंडोजवर दिसली नाही, तरी लिनक्सवर ती उघडी पडू शकते. दुसरे मूळ पडद्याशी संबंधित होते. झोपेतून उठल्यावर ग्राफिक्स चिप पूर्वस्थितीत आणण्याचे काम नेमके कोणी करावे, हे दीर्घकाळ अनिर्णित होते. मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२९ या कर्नलमध्ये इंटेलच्या ग्राफिक्ससाठी ही जबाबदारी स्वतः कर्नलने स्वीकारली. पुढे अन्य चिपांच्या बाबतीतही तेच धोरण आले आणि काळ्या पडद्याची तक्रार पुष्कळ कमी झाली. एस-२-आयडल ही सोय २०१३ मधील ३.९ या कर्नलमध्ये, तर झोपेचा प्रकार निवडण्याची आजची पद्धत २०१७ मधील ४.१० या कर्नलमध्ये आली. तात्पर्य, जुन्या यंत्रावर जुनेच लिनक्स योग्य, हा समज या बाबतीत टिकत नाही. यंत्र जुने असले तरी कर्नल शक्यतो नवे असावे.

४. मांडणीची पद्धती

पुढील विवेचनात आज्ञा व फाइलींची नावे देवनागरीत उच्चारानुसार दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावी लागतात. ‘सिस’ हे नाव एस-वाय-एस असे, तर ‘मेम’ हे एम-ई-एम असे लिहावे.

४.१ पूर्वतयारी. प्रथम महत्त्वाच्या सर्व फाइलींची प्रत अन्यत्र घ्यावी, कारण चाचणीच्या काळात यंत्र वारंवार सक्तीने बंद करावे लागण्याचा संभव असतो. त्यानंतर निर्मात्याने बायॉसची सुधारित आवृत्ती दिली असल्यास ती बसवावी आणि लिनक्सची सर्व अद्ययावतने पूर्ण करावीत. अनेक दोष एवढ्यानेच दूर होतात.

४.२ झोपेचा प्रकार पाहणे. टर्मिनल उघडून ‘कॅट’ या आज्ञेने ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ ही फाइल वाचावी. तीत उपलब्ध प्रकार दिसतात आणि निवडलेला प्रकार चौकटी कंसात असतो. ‘डीप’ म्हणजे एस-३. जुन्या लॅपटॉपवर बहुधा तोच निवडलेला आढळतो. ‘डीप’ हा शब्द यादीत असूनही निवडलेला नसेल, तर ग्रब या आरंभक-कार्यक्रमाच्या मांडणीत कर्नलसाठी ‘मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप’ हा निर्देश जोडावा व ग्रब अद्ययावत करावा. शब्द यादीतच नसेल, तर बायॉस एस-३ देत नाही असा अर्थ होतो. अशा वेळी बायॉसच्या मांडणीत झोपेविषयी काही पर्याय आहे का, हे पाहावे.

४.३ पहिली चाचणी. पहिली चाचणी झाकण मिटून करू नये. ‘आरटीसीवेक’ ही आज्ञा यासाठी सोयीची आहे. तिला ‘मेम’ हा प्रकार व ६० सेकंद ही मुदत दिली असता यंत्र झोपते आणि आतील घड्याळाचा गजर त्यास एका मिनिटाने उठवितो. झोपणे व उठणे या दोन क्रिया झाकण, बटण व डेस्कटॉप यांपासून अलग करून तपासता येतात, हा या पद्धतीचा लाभ होय. ही चाचणी यशस्वी झाल्यास ‘सिस्टिमसीटीएल सस्पेंड’ ही नित्याची आज्ञा द्यावी आणि उठल्यावर पडदा, ध्वनी, वाय-फाय, टचपॅड व यूएसबी या पाचही गोष्टी क्रमाने तपासाव्यात. एकदा यश मिळाले म्हणून समाधान मानू नये. किमान दहा-वीस आवर्तने करावीत. काही दोष तिसऱ्या-चौथ्या झोपेनंतरच प्रकट होतात.

४.४ झाकणाची व्यवस्था. झाकण मिटल्यावर काय करावे, हे ‘/ईटीसी/सिस्टिमडी’ या संचिकेतील ‘लॉगिनडी.कॉन्फ’ या फाइलीत ठरते. ‘हँडललिडस्विच’ हे नाव असलेल्या ओळीच्या आरंभीचे टिप्पणीचिन्ह काढून तिचे मूल्य ‘सस्पेंड’ ठेवावे. परंतु ग्नोम, केडीई, एक्सएफसीई इत्यादी डेस्कटॉप हेच काम स्वतःकडे घेऊ शकतात. एकाच दाराला दोन कारभाऱ्यांनी कुलपे लावावीत, तशी अवस्था यातून उद्भवते : यंत्र झोपतच नाही, किंवा उठल्याबरोबर पुन्हा झोपते. म्हणून डेस्कटॉपच्या वीज-विषयक मांडणीतही तोच पर्याय निवडला आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

५. दोषनिदान

दोषांचे तीन वर्ग कल्पिता येतात : यंत्र झोपत नाही, झोपते पण लगेच उठते, झोपते पण उठत नाही.

५.१ न झोपणे. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने प्रणालीची नोंदवही वाचावी. सस्पेंडच्या आरंभी व अखेरीस कर्नल आपली नोंद करतो आणि कोणत्या उपकरणाने नकार दिला, त्याचे नावही बहुधा तेथेच आढळते.

५.२ लगेच उठणे. ‘/प्रॉक/एसीपीआय/वेकअप’ या फाइलीत यंत्रास जागे करू शकणाऱ्या उपकरणांची यादी असते. अशा तक्रारीत यूएसबी नियंत्रक पुष्कळदा कारणीभूत असतो. टेबलावरील माउस हलला तरी यंत्र जागे होते. त्या उपकरणाचे संक्षिप्त नाव याच फाइलीत लिहिले असता त्याची अनुमती बंद होते आणि पुन्हा लिहिले असता चालू होते. ही व्यवस्था यंत्र पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही. म्हणून ती आरंभी आपोआप घडावी यासाठी सिस्टिमडीची छोटी सेवा लिहून ठेवावी लागते.

५.३ न उठणे. हा सर्वांत त्रासदायक दोष. येथे अंदाजाने उपाय करीत बसण्यापेक्षा कर्नलने दिलेली पायरीवार चाचणी वापरावी. ‘/सिस/पॉवर/पीएम_टेस्ट’ या फाइलीत पायरीचे नाव लिहून मग सस्पेंड केले असता यंत्र त्या पायरीपर्यंतच जाते, सुमारे ५ सेकंद थांबते आणि परत येते. पायऱ्या क्रमाने अशा : ‘फ्रीझर’ – चालू प्रक्रिया गोठविणे, ‘डिव्हाइसेस’ – उपकरणे झोपविणे, ‘प्लॅटफॉर्म’ – एसीपीआयची कार्ये करणे, ‘प्रोसेसर्स’ – एक वगळता अन्य प्रोसेसर थांबविणे, ‘कोअर’ – प्रणालीचा गाभा झोपविणे. ज्या पायरीवर यंत्र अडकते, तेथे दोष शोधावा. चाचणी संपल्यावर फाइलीत ‘नन’ लिहून पूर्वस्थिती आणावी. ही फाइल आढळत नसेल, तर त्या कर्नलमध्ये ही चाचणी समाविष्ट नाही असे समजावे.

उपरोल्लेखित लॅपटॉपवर ‘फ्रीझर’ची पायरी पार पडली आणि ‘डिव्हाइसेस’च्या पायरीवर यंत्र थिजले. याचा अर्थ दोष बायॉसमध्ये नसून एखाद्या उपकरणाच्या चालकात, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, असण्याचा संभव अधिक. त्यानंतर ‘एलएसमॉड’ या आज्ञेने चालकांची यादी घेतली. काढून ठेवता येण्यासारख्या चालकांपैकी निम्मे ‘मॉडप्रोब’ने काढून चाचणी केली, ती यशस्वी झाली. मग काढलेल्यांपैकी निम्मे परत आणून पुन्हा चाचणी केली. प्रत्येक वेळी संशयितांची संख्या निम्मी होत असल्यामुळे ३२ चालकांतून एक दोषी शोधण्यास पाच चाचण्या पुरतात. अखेर वाय-फायचा चालक दोषी ठरला. पडदा काळा पडला म्हणून पडद्यावरच संशय घेतला असता तर आठवडा वाया गेला असता. लक्षण एकीकडे आणि विकार दुसरीकडे, असा हा प्रकार होता.

उपाय साधा होता. ‘/यूएसआर/लिब/सिस्टिमडी/सिस्टिम-स्लीप’ या संचिकेत ठेवलेली आज्ञावली झोपेपूर्वी ‘प्री’ व उठल्यावर ‘पोस्ट’ या निर्देशासह आपोआप चालविली जाते. ‘प्री’च्या वेळी वाय-फायचा चालक काढावा व ‘पोस्ट’च्या वेळी परत बसवावा, एवढ्या चार-पाच ओळी तीत लिहिल्या व तिला चालण्याची अनुमती दिली. त्यानंतर केलेल्या वीस आवर्तनांत यंत्र प्रत्येक वेळी व्यवस्थित उठले.

सर्व पायऱ्या यशस्वी होऊनही प्रत्यक्ष झोपेतून यंत्र उठत नसेल, तर ‘/सिस/पॉवर/पीएम_ट्रेस’ या फाइलीत १ लिहून सस्पेंड करावे. यंत्र अडकल्यास ते सक्तीने बंद करून सुमारे तीन मिनिटांच्या आत पुन्हा सुरू करावे व ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलच्या नोंदी पाहाव्यात. शेवटी हाताळल्या गेलेल्या उपकरणाचा सुगावा तेथे मिळतो. त्या आज्ञेचे रोमन लेखन डी-एम-ई-एस-जी असे आहे. ही खूण यंत्राच्या घड्याळातच लिहिली जात असल्यामुळे तारीख-वेळ बिघडते. ती नंतर दुरुस्त करावी.

६. बॅटरी आणि हायबरनेशन

सस्पेंड यशस्वी झाले तरी ते किती काळ टिकते, हे मोजणे आवश्यक आहे. ‘/सिस/क्लास/पॉवर_सप्लाय’ या संचिकेत बॅटरीतील शिल्लक ऊर्जा पाहता येते. झोपेपूर्वी व नंतर ती नोंदवावी. समजा, ३० वॉट-तासांपैकी आठ तासांच्या झोपेत ४ वॉट-तास खर्च झाले, तर सरासरी खर्च अर्धा वॉट होतो आणि उरलेल्या २६ वॉट-तासांत यंत्र आणखी सुमारे ५२ तास झोपून राहू शकते. बॅटरी मात्र जीर्ण असेल आणि यंत्र केवळ विजेच्या जोडणीवर चालत असेल, तर वीज खंडित होताच रॅममधील काम नाहीसे होईल. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे सांगावयास नको. अशा यंत्रासाठी एस-३ वर विसंबणे धोक्याचे आहे.

यावर दोन पर्याय आहेत. ‘हायब्रिड-स्लीप’मध्ये प्रतिमा आधी डिस्कवर लिहून मग यंत्र एस-३ मध्ये जाते, वीज टिकली तर ते चटकन उठते, गेली तर डिस्कवरून काम परत मिळते. ‘सस्पेंड-देन-हायबरनेट’मध्ये यंत्र आधी एस-३ मध्ये जाते व ठराविक काळाने स्वतःच हायबरनेट होते. जीर्ण बॅटरीसाठी पहिला, तर प्रवासासाठी दुसरा पर्याय अधिक उपयुक्त होय.

दोहोंसाठी हायबरनेशन चालू असणे आवश्यक आहे. त्याकरिता स्वॅपची जागा रॅमइतकी असणे सुरक्षित आणि स्वॅप प्रत्यक्ष डिस्कवर असावे लागते. फेडोरासारख्या वितरणांत स्वॅप झेडरॅम या पद्धतीने रॅममध्येच असते. ते येथे निरुपयोगी. स्वॅप विभागाची ओळख ‘रिझ्यूम’ या निर्देशाने कर्नलला द्यावी. स्वॅप हा विभाग नसून फाइल असेल, तर डिस्कवरील तिचे आरंभस्थान ‘रिझ्यूम_ऑफसेट’ने सांगावे लागते. त्यानंतर इनिटरॅमएफएस, म्हणजे आरंभीची लघुप्रणाली, नव्याने तयार करावी. सिक्युअर बूट चालू असल्यास अनेक वितरणांचा कर्नल हायबरनेशनला प्रतिबंध करतो, हेही ध्यानात ठेवावे.

७. दक्षता

पहिली दक्षता विद्याविषयक गोपनीयतेची आहे. हायबरनेशनच्या प्रतिमेत त्या क्षणी रॅममध्ये असलेले सर्व काही असते : विद्यार्थ्यांचे गुण, प्रश्नपत्रिकेचा मसुदा, परवलीचे शब्द. स्वॅप कूटबद्ध नसेल, तर चोरीस गेलेल्या यंत्रातून ही माहिती काढता येते. म्हणून लिनक्स बसवितानाच संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडावा. दुसरे असे की, झोपेतून उठल्यावर परवलीचा शब्द विचारला जाईल अशी मांडणी असावी. तिसरे, यंत्र हायबरनेट असताना त्याच डिस्कवरील दुसरी प्रणाली सुरू करून सामाईक विभागात काही लिहू नये. तसे केल्यास फाइल-व्यवस्था कायमची बिघडू शकते. चौथे, केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद विभागाच्या वहीत ठेवावी, म्हणजे पुढे दुसऱ्या कोणास तेच निदान मुळापासून करावे लागणार नाही. आणि शेवटचे : झाकण मिटण्यापूर्वी फाइल साठविण्याची सवय कोणत्याही तंत्रज्ञानामुळे सोडू नये.

८. समारोप

सस्पेंड व रिझ्यूम ही एकच क्रिया वाटली, तरी ती बायॉस, कर्नल, उपकरणांचे चालक आणि डेस्कटॉप या चौघांच्या सहकार्यावर अवलंबून असते. चौघांपैकी एकानेही आपला वाटा उचलला नाही, तर यंत्र झोपते ते उठत नाही. उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, या दोषांचे निदान नशिबावर सोडण्याची गरज नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलणे, पायरी-पायरीने तपासणे, संशयितांची संख्या निम्मी करीत जाणे आणि निष्कर्षाची नोंद ठेवणे, ही कोणत्याही विद्याशाखेच्या संशोधकास परिचित असलेलीच पद्धत येथेही उपयोगी पडते. सर्वच यंत्रे यातून सुधारतील असा दावा करता येणार नाही. कोष्टकांतील काही चुका निर्मात्यावाचून दुरुस्त होत नाहीत. तथापि, अशा वेळीही एस-३ ऐवजी हायबरनेशन हा मार्ग अनेकदा खुला राहतो. विभागातील त्या लॅपटॉपचे झाकण आता तासिकेच्या घंटेबरोबर निःशंकपणे मिटले जाते. कपाटात जाऊ पाहणारे एक यंत्र त्यामुळे पुन्हा टेबलावर आले आहे.